कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी

अंबडच्या कोर्टात पुकारा करायचं काम रखमाजी शिपायाकडं होतं. व्हरांड्यात उभा राहून तो एकदा ओरडला, की फाटकाबाहेरच्या टपरीवर बसलेला पक्षकार बशीतला चहा तसाच ठेवून उठायचा. नाव, बापाचं नाव, गाव आणि मग "हाजिर हाय काऽऽ". तो शेवटचा 'का' इतका लांब चालायचा, की माणूस रस्ता ओलांडून, पायताण काढून आत येऊन उभा राहिला तरी संपलेला नसे. घरी मात्र ह्याच माणसाचं बोलणं ऐकायला त्याच्या बायकोला, नंदाबाईला, स्टोव्ह बारीक करावा लागे.

१९८७ च्या उन्हाळ्यात न्यायाधीशसाहेबांची बदली झाली. सामानाच्या ट्रकमध्ये माशांची काचेची पेटी काही केल्या बसेना. तेव्हा साहेबांच्या बाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "रखमाजी, तुम्हीच न्या हो ही. नाहीतरी तुमच्याकडच्या पाण्यात मासे काही टिकत नाहीत. आम्ही तर बाई कंटाळलो."

'तुमच्याकडच्या पाण्यात' हे शब्द रखमाजीला लागले. त्याच पाण्यावर तो स्वतः पंचेचाळीस वर्षं टिकला होता. त्यानं पेटी हातगाड्यावर गोधडीत बसवली आणि पायी चालत घरी आणली. पेटीत सात मासे होते, पाच सोनेरी आणि दोन काळे. आठवा निराळ्या बरणीत. तो जांभळ्या रंगाचा, लांब झालरीसारख्या शेपटीचा फायटर. दुसऱ्यांबरोबर ठेवला की मारामाऱ्या करतो म्हणून त्याला एकटं ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी कोर्टाचा जमाखर्च बघणारे नाझर गजाननराव चष्म्यावरून बघत म्हणाले, की रखमाजी, असल्या गोष्टींचा पूर्वइतिहास पाहावा. आजवर ह्या गावात काचेतल्या एकाही माशानं दिवाळी पाहिल्याचं आपल्या ऐकिवात नाही. बोअरचं पाणी जड आहे. त्यात डाळ शिजत नाही, मासा काय टिकणार. गजाननराव घरी पाणी मागतानासुद्धा 'उपरोक्त तांब्या' म्हणत असतील, असं सगळं कोर्ट समजत असे. रखमाजी "बराबर हाय साहेब" म्हणाला आणि मनात म्हणाला, बघू.

आठ दिवसांत एका सोनेरी माशाची शेपटी झडायला लागली. कडेला पांढरा, कापसासारखा बुरा धरला. रखमाजीच्या घरात अंगावर काहीही फुटलं, की औषध एकच. लेकराला देवी येवो, गोवर येवो, खरूज होवो, कडुलिंबाचा पाला पाण्यात टाकायचा आणि त्या पाण्यानं अंघोळ घालायची. त्याच्या थोरल्या बहिणीनं त्याला तसंच वाढवलं होतं, त्यानं आपल्या दोन्ही पोरींना तसंच वाढवून नांदायला पाठवलं होतं. मग त्यानं विचार करायचं कारणच काय होतं? दारातल्या लिंबाचा कोवळा, हिरवागार पाला चांगला दोन मुठी ओरबाडला, धुतला, आणि पेटीत टाकला. वर नंदाबाईला म्हणाला, की उद्या बघ, ठणठणीत होतेत.

सकाळी सातही मासे पोट वर करून तरंगत होते.

नंदाबाई भांडी घासायला बसली. ती भांडी आदळायला लागली, की आख्ख्या गल्लीला कळायचं काय झालंय ते. रखमाजीनं एकेक मासा चिमटीत धरून कागदावर काढला. परसात खड्डा केला. साहेबांच्या बाईंकडं मासे मरायचे ते आपोआप मरायचे. हे त्यानं मारले होते, चांगलं करतोय म्हणून मारले होते. गजाननरावांनी विचारलं तेव्हा पाण्यावर ढकलता आलं असतं. त्यानं ढकललं नाही. "माझ्या हातानं मेले साहेब," एवढं म्हणाला, आणि त्या दिवशी पुकारा जरा बसक्या आवाजात झाला.

उरला बरणीतला फायटर. आणि चार दिवसांनी बघतो तर त्याच्याही शेपटीला तेच.

आता रखमाजीनं मनाशी ठरवलं, की अंदाजानं पाण्यात काडीसुद्धा टाकायची नाही. आणि हा मासा मरू द्यायचा नाही. दोन्ही गोष्टी एकदम कशा जमवायच्या, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

कोर्टाच्या मागं दोन जुने हौद होते, तारखेला येणाऱ्यांच्या बैलांना पाणी पाजायला बांधलेले. डासांच्या अळ्या खातात म्हणून हिवतापवाल्यांनी दोन्हींत सारखेच गप्पी मासे सोडले होते. उन्हातल्या हौदाचं पाणी स्वच्छ होतं, तळ दिसत होता, आणि मासा एकही नव्हता. दुसरा देशी बदामाच्या झाडाखाली. बदामाची ताटलीएवढी पानं लाल होऊन, वाळून त्यात पडलेली. तळाला त्यांचा थरच होता. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, आणि त्यात गप्पी इतके, की पाण्यावर बोट धरलं तर बोटाला येऊन टोचत.

रखमाजी दोन हौदांच्या मध्ये उकिडवा बसून राहिला. झाडलोट करणारा भिवा येऊन म्हणाला, की शिपाई, ते पानी नासलंय, मी कवाचा साफ करतो म्हनून राह्यलो, पर सवडच गावत न्हाई.

"साफ केलंस तर खबरदार," रखमाजी म्हणाला. "तुझ्या आळसावर जगलेत हे."

तरी लगेच विश्वास ठेवायला तो तयार नव्हता. सावलीमुळंही जगले असतील. वीस वर्षं त्यानं साक्षी-पुरावे दारातून ऐकले होते. एका साक्षीदाराच्या बोलण्यावर निकाल होत नाही, एवढं त्याला कळत होतं. त्यानं घरातल्या लोणच्याच्या चार बरण्या रिकाम्या केल्या आणि चारींत सारखंच बोअरचं पाणी भरलं. एकीत काही नाही, दुसरीत बदामाचं हिरवं पान, तिसरीत अर्धं पिवळं, चौथीत झाडावरून आपणहून गळलेलं, खडखडीत वाळलेलं, तपकिरी. प्रत्येकीत तीन-तीन गप्पी सोडून बरण्या एकाच फळीवर सावलीत मांडल्या.

"आन् लोणचं कशात घालू?" नंदाबाईनं विचारलं. "तुमच्या कोर्टात?"

तिसऱ्या दिवशी हिरव्या पानाची बरणी घाण मारायला लागली, त्यातले गप्पी मेले. सहाव्या दिवशी पिवळ्याचं पाणी चिकट झालं, त्यातलेही गेले. पंधराव्या दिवशी साध्या पाण्यात एक गप्पी उरला होता, आणि वाळल्या पानाच्या तपकिरी पाण्यात तिन्हीच्या तिन्ही, वर एकीचं पोट पिलांनी फुगलेलं. रखमाजीनं सगळं ओतून दिलं आणि बरण्यांच्या जागा बदलून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. त्यात अजून पंधरा दिवस गेले. निकाल तोच लागला.

दरम्यान फायटरची शेपटी निम्मी झाली होती. तो बरणीच्या तळाशी कलता पडून असायचा, हवा घ्यायला वर यायचा आणि दगडासारखा खाली जायचा. पहिल्या निकालावरच पान टाकावं, असं रखमाजीला रोज दहादा वाटलं आणि रोज दहादा त्यानं हात मागं घेतला. दुसरा निकाल लागला त्याच सकाळी त्यानं एक वाळलं पान नुसत्या पाण्यानं धुतलं, साबण नाही, राख नाही. दोन दिवस बादलीत भिजवलं, आणि तळहाताएवढा तुकडा बरणीत सोडला.

आठव्या दिवशी फायटर सरळ उभा राहिला.

मग पेटी मिठानं घासून, उन्हात तापवून पुन्हा भरली. तळाला बारीक वाळू, वाळूवर भिजवलेल्या पानांचा पातळ थर, आणि त्यात फायटर सोडला. पाणी आधी पिवळसर झालं, मग मधासारखं, मग थेट कोऱ्या चहासारखं. शेजारणी साखर मागायला येत आणि पेटी बघून साखर विसरत. एकीनं विचारलं, की नंदाबाई, हे भांड्याचं पानी सांडलं न्हाई का आजून? दुसरी म्हणाली, की देवी मत्स्योदरीच्या टेकडीच्या पायथ्याशी राहून माशाला असल्या गटारात ठेवायचं म्हणजे काय. नंदाबाई ऐकून घ्यायची आणि रात्रीच्या भाकरी जरा जोरात थापायची. पण पेटीला तिनं हात लावला नाही. शेपटी वाढतेय, हे तिलाही दिसत होतं. झडल्या कडेला आधी कांद्याच्या पापुद्र्यासारखं काहीतरी आलं, मग त्यात हळूहळू जांभळा रंग उतरला. गणपतीपर्यंत झालर पूर्ववत झाली.

एखादा इथं थांबला असता. रखमाजी थांबला नाही. एक मासा वाचला, हा योगायोग म्हणता येतो, असं गजाननराव म्हणालेच होते. ह्या पाण्यात मासा जन्मला आणि वाढला, तरच म्हणायचं की आपल्याला कळलं. कोर्टाची कागदपत्रं घेऊन तो औरंगाबादला गेला, तेव्हा त्यानं काचेतल्या माशांचं दुकान शोधून काढलं आणि फायटरची मादी मागितली. दुकानदारानं गाव विचारलं, पाणी विचारलं आणि हसला. "मादी लेके जाओ मियाँ, मगर बच्चे-वच्चे का खयाल नको करो. बोअर के पानी में अंडा फूटताच नै." तरी पाणी वीतभर ठेवायचं, अंडी झाली की मादीला लगेच बाहेर काढायचं, नाहीतर ती अंडी खाते, आणि पेटी बिलकुल हलवायची नाही, एवढं त्यानं सांगून टाकलं.

पेटीत एक मोठं पान वर तरंगत ठेवलं होतं. त्या पानाखाली फायटरनं बुडबुड्यांचं घरटं केलं, तशी मादी त्याच्याजवळ सोडली. पितृपंधरवड्याच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी त्या फेसात खसखशीसारखी अंडी दिसली. रखमाजीनं वाटीनं मादी काढून बरणीत ठेवली आणि कोर्टात जाताना नंदाबाईला तीन वेळा बजावलं, की पेटीला धक्का लागू देऊ नको.

दुसऱ्याच दिवशी वाटूरहून उषाबाई आल्या.

उषाबाई म्हणजे रखमाजीची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा रखमाजीला कडेवर घेऊन वाढवलं ते ह्याच आक्कानं. दरवर्षी घट बसायच्या आधी त्या दसरा काढायला भावाकडं यायच्या. दसरा काढायचा म्हणजे घरातली गोधडी न् गोधडी धुवायची, भांडं न् भांडं घासायचं, अडगळ फेकायची आणि भिंतींना चुना द्यायचा. आक्का एसटीतून उतरल्या, की पदर खोचूनच घरात शिरत, आणि पाणी प्यायच्या आधी पहिली वस्तू अंगणात येऊन पडलेली असे. त्यांच्यापुढं रखमाजीनं आजवर 'का' म्हटलं नव्हतं, लांब नाही की आखूड नाही.

संध्याकाळी रखमाजी कोर्टातून आला तेव्हा घर अंगणात होतं. पुढच्या खोलीच्या तीन भिंती पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या. चौथ्या भिंतीला लागून फळीवर पेटी, आणि पेटीपुढं हात पसरून नंदाबाई. समोर आक्का, एका हातात कुंचा, दुसऱ्या हातात चुन्याचा डबा. कुंच्यातून चुना टपटप गळत होता.

"बरं झालं आलास," आक्का म्हणाल्या. "ही बया मघापासून भिताडाला चिटकून उभी हाय. ते सडकं पानी फेकून ये जल्दी. सोमवारी घट बसायचेत, आन् घरात पाला कुजवून ठेवलाय."

रखमाजीनं पेटीत डोकावून बघितलं. अंडी फुटली होती. बुडबुड्यांखाली डोळ्यांच्या पापणीच्या केसाएवढी पोरं शेपट्या खाली सोडून लोंबत होती. पेटी उचलली तर घरटं मोडणार. चुन्याचे चार थेंब पडले तर पाणी जाळणार. त्याला परसातला खड्डा आठवला.

मोठ्यानं बोलला असता तर आक्कांनी त्याला तिथंच झाडला असता. पण तो इतकं हळू बोलला, की आक्कांना ऐकायला डबा खाली ठेवावा लागला.

"आक्का, ह्या भिताडाला यंदा चुना न्हाई लावायचा."

"येडा झाला का रे? तीन भिताडं पांढरी आन् एक काळं, आन् त्यात देवी बसवायची?"

"सात मासे मारले मी. औषध म्हणून मारले, तुला सांगितलं न्हाई. आता ह्यांना मी कोणाला हात लावू देणार न्हाई. तुला बी न्हाई."

नंदाबाईनं नवऱ्याकडं असं बघितलं, जसं पहिल्यांदाच बघतेय. भावाला बाजूला करून आक्का पेटीपुढं गेल्या, काचेला नाक लावलं, आणि ह्या घाणीत आहे तरी काय, ते बघायला लागल्या.

फेसातून एक पोर सुटलं आणि गोलगोल फिरत खाली निघालं. फायटर झपकन आला आणि त्यानं ते तोंडात घेतलं.

"खाल्लं की मेल्यानं," आक्का म्हणाल्या.

तोवर फायटर वर गेला आणि पोर अलगद बुडबुड्यात ठेवून आला. लगेच दुसरं सुटलं. तेही आणून ठेवलं. मग तिसरं. आक्का बघतच राहिल्या. काचेवरचं नाक न काढता त्यांनी विचारलं, "आन् माय कुठं गेली ह्यांची?"

"त्या बरणीत हाय. ती ऱ्हायली तर अंडी खाती."

"मंग ह्योच करून राह्यला व्हय सगळं. एकटाच."

"आज दुसरा दिवस. खाल्लं न्हाई काही त्यानं."

आक्कांनी चुन्याचा डबा उचलून दाराबाहेर नेऊन ठेवला, पार उंबऱ्याच्या पलीकडं. मग नंदाबाईला म्हणाल्या, की उभी काय ऱ्हायलीस, पडक्या गढीवर जा आन् पाटीभर पांढरी माती आण. चुना आला आत्ता आत्ता, आमच्या सासूनं जन्मभर मातीचा पोतारा दिला, तवा काय देवी आली न्हाई घरी? पेटीवर त्यांनी स्वतःचं धुतलेलं लुगडं चौपदरी करून झाकलं, हवेला फट ठेवून. माती भिजवली, कपड्यातून गाळली. आणि कुंच्यानं नाही, तर फडक्याचा बोळा घट्ट पिळून, वीत-वीत करून ते भिंताड त्यांनी पोतारलं. पेटीच्या मागची जागा त्यांनी बोटांनी सारवली. दिवेलागणीपर्यंत लागल्या. रखमाजीनं मदतीला हात पुढं केला तर म्हणाल्या, की तू सांडशील, बाजूला व्हय. पाण्यात एक थेंब पडला नाही. भिंत वाळली ती दुधासारखी पांढरी नव्हती, जरा मळकट सायीसारखी होती, पण होती पांढरी.

सोमवारी घट बसले. एका कोपऱ्यात पत्रावळीवरच्या मातीत गहू रुजायला लागले आणि दुसऱ्या कोपऱ्यात पोरं आडवी पोहायला लागली, तसं फायटरला काढून मादीच्या शेजारच्या बरणीत ठेवलं. मग खरी काळजी सुरू झाली. एवढ्याशा जिवांना खायला काय घालायचं? गजाननरावांनी सुचवलं, की उकडलेल्या अंड्याचा बलक घालावा, असं वाचनात आलं आहे. रखमाजीनं नकार दिला. अंदाजानं काही टाकायचं नाही, हे त्याचं पक्कं होतं. तो नुसता बघत राहिला. पोरं तळाला जाऊन कुजत आलेल्या पानांवरून तोंड फिरवत होती, बायका परातीतले खडे टिपतात तशी, टिपटिप. पानावर बुळबुळीत सायीसारखा थर आला होता, आणि त्यात डोळ्याला न दिसणारं काहीतरी जिवंत असणार, हे पोरांच्या फुगलेल्या पोटांवरून कळत होतं. त्यानं जाळी पडलेली जुनी पानं तशीच ठेवली आणि दर तीन दिवसांनी एक नवं भिजवलेलं पान त्यांच्या शेजारी सोडलं. आक्का रोज उठल्यावर देवीला हात जोडायच्या आणि लगेच पेटीपाशी येऊन विचारायच्या, "किती हायेत?"

सगळी राहिली नाहीत. शंभरएक होती, त्यातली निम्मी पहिल्या आठवड्यात दिसेनाशी झाली. दसऱ्याला चाळीस मोजली. सोनं द्यायला आलेल्या गजाननरावांनी पेटीत वाकून बघितलं आणि म्हणाले, की ह्यात पाल्याशिवाय काही आढळून येत नाही. आक्कांनी त्यांच्या चष्म्यावर बोट ठेवलं नाही एवढंच, "त्या पानाच्या आडाला बघा, साहेब. जरा दम धरा," म्हणाल्या. गजाननरावांनी दम धरला. मग त्यांचे ओठ हलायला लागले, एक, दोन, तीन. अकराव्याला त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

पुढचे पंधरा दिवस सगळ्यात वाईट गेले. आक्का वाटूरला गेल्या होत्या, कापूस फुटला होता. रोज सकाळी एखाद-दुसरं पोर कमी असायचं. दुकानदाराचं हसणं रखमाजीच्या कानात वाजायचं. पण पाणी उपसून टाकावं, औषध आणावं, असं त्याला एकदाही वाटलं नाही. बदामाखालची पानं रोज भिवाच्या आधी जाऊन वेचायची, निवडायची, धुवायची, भिजवायची. एवढंच आपल्याला ठाऊक आहे, तेवढंच नीट करायचं.

धनत्रयोदशीच्या सकाळी तो सदरा घालून निघणार, तेवढ्यात त्याला दिसलं. एक पोर पानाखालून निघालं, सरळ वर आलं, पाण्याबाहेर तोंड काढून हवेचा एवढासा घोट घेतला आणि खाली गेलं. बापासारखंच. मग दुसरं आलं, मग दोन एकदम. त्यानं नंदाबाईला हाक मारली, आणि ती स्टोव्ह तसाच पेटता टाकून आली. दोघं तिथंच उभी राहिली. एकेक करून एकोणीस पोरं वर येऊन गेली.

त्या दिवशी पुकारा उशिरा सुरू झाला.

संध्याकाळी रखमाजीनं आक्काला पोष्टकार्ड टाकलं. कधी कुणाला चार ओळींपुढं न लिहिणाऱ्या माणसानं दोन्ही बाजू भरल्या. दिवाळी झाल्यावर उत्तर आलं, आक्कांनी शेजारच्या पोरीकडून लिहून घेतलेलं. कापसाचं बरं आहे, गाय व्याली, नंदाला सांगणे की गुडघ्याला तेल लावणे. आणि कार्ड संपत आलं म्हणून अक्षर बारीक करून शेवटी लिहिलं होतं: 'एकोणीस वाचून आनंद झाला. पाणी घासून पुसून साफ करू नये. पानं घालत राहणे.'

रखमाजीनं कार्ड दोनदा वाचलं, फळीवर पेटीशेजारी उभं करून ठेवलं, आणि बादलीतलं भिजलेलं पान काढायला हात पाण्यात घातला.